कामकरी, सावली आणि कारखान्याचें आयुष्य



कारखान्याचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे बहुधा यंत्रांचा, भांडवलाचा किंवा मालकाच्या कर्तबगारीचा सांगितला जातो. मीं आज निवडलेला विषय थोडा बाजूचा आहे. कारखान्यांत जीं माणसें राबतात तीं कोठें राहतात, कोणतें पाणी पितात, दुपारीं कोणत्या झाडाखालीं भाकरी सोडतात, आणि या गोष्टींचा त्या कारखान्याच्या आयुष्याशीं कांहीं संबंध असतो कीं नाहीं, असा तो प्रश्न आहे. हल्लींच्या व्यवस्थापनशास्त्रांत या विषयाला भलें लांबलचक नांव आहे. हवा, पाणी आणि झाडें सांभाळून नोकरवर्गाची व्यवस्था लावली म्हणजे धंदा टिकतो, हा त्याचा इत्यर्थ. मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. शास्त्राची परिभाषा मला येत नाहीं. परंतु मुलांना इतिहास शिकवितां शिकवितां या प्रश्नाचीं उत्तरें मला पुस्तकांत आणि पुस्तकांबाहेर जशीं भेटत गेलीं, तशीं तीं आपणांपुढें ठेवतों.

मी उदगीरचा रहिवासी. आमच्या गांवाचें नांव शाळेच्या पुस्तकांत १७६० च्या लढाईमुळें येतें. सदाशिवरावभाऊंनीं येथें निजामाला नमविलें, आणि दुसऱ्याच वर्षीं पानिपत झालें. त्याखालीं हा विजय झांकला गेला आणि आमचें गांवही. आम्हां रहिवाशांना मात्र नित्य भेटतो तो पाण्याचा इतिहास. २०१६ च्या मार्च महिन्यांत आमचें जिल्ह्याचें ठिकाण जें लातूर, तेथें पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमावबंदीचा हुकूम लावण्याची पाळी आली. मांजरा धरण आटलें होतें. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोहोंचली. दहा वाघिणी आणि सुमारें पांच लाख लिटर पाणी. पुढें पन्नास पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊं लागल्या. साडेतीनशें किलोमीटरांच्या वाटेनें कृष्णेचें पाणी मांजरेच्या खोऱ्यांत आलें. वर्तमानपत्रांनीं त्या गाडीचें कौतुक केलें, आणि तें योग्यच होतें. माझ्या मनांत मात्र तेव्हां दुसरी गोष्ट घोळत होती. पाण्यापाठोपाठ माणूस जातो. ज्याला जाणें शक्य होतें तो पुण्यास किंवा हैदराबादेस आधींच गेला होता. माणूस गेल्यावर गांवीं यंत्र तेवढें राहून काय उपयोग?

हा अनुभव नवा नव्हे. सव्वाशें वर्षांपूर्वीं मुंबईच्या गिरणीमालकांनीं तो पुरेपूर घेतला होता.

१८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडाच्या गिरणीचा पाया घातला आणि पुढील चाळीस वर्षांत परळ-लालबागचा परिसर धुरांड्यांनीं भरून गेला. कोंकणांतून आणि घाटावरून माणसें येत होतीं. त्यांना कामावर घेणारा मुकादम, काढणाराही मुकादमच. कामकरी फाटकाबाहेर पडल्यावर कोणत्या चाळींत जातो, त्या चाळीच्या खोलींत किती माणसें निजतात, तिच्या मागच्या गटारांत काय सांचतें, याची चौकशी करणें हें आपलें काम आहे असें मालकांना वाटत नव्हतें. माणसें विपुल होतीं. एक गेला तर दुसरा येई. विपुलतेसारखी दृष्टि मंद करणारी दुसरी वस्तु नाहीं.

या व्यवस्थेविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तो एका मराठी माणसाचा. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ सालीं त्यांनीं गिरणीकामगारांची सभा भरवून सरकारपुढें ज्या मागण्या ठेवल्या त्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाचें आश्चर्य वाटतें. आठवड्याची एक सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, काम उजाडल्यावर सुरू होऊन सूर्यास्ताला संपावें, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा, आणि कामावर जायबंदी झालेल्याला कांहीं मदत मिळावी. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १८९० च्या जून महिन्यांत मालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. आपण ज्या रविवारीं सावकाश चहा घेत हें पान वाचीत असाल, तो रविवार मुंबईच्या गिरणींत असा मिळालेला आहे.

सुट्टी मिळाली, चाळ तशीच राहिली. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. पुढील पांच महिन्यांत काय झालें तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. साडेआठ लाखांच्या मुंबईंतून पावणेचार लाखांच्या वर माणूस निघून गेला. बोटींनीं, आगगाडीनें, पायीं, जसें जमेल तसें. गिरण्यांतील यंत्रें धडधाकट होतीं, कापूस होता, गिऱ्हाईकही होतें. चात्यांपाशीं उभें राहावयास माणूस नव्हता. जे मालक कामकऱ्याचा महिन्याचा पगार हातीं राखून मग देत, तेच आतां रोजच्या रोज रोकड मोजूं लागले. रस्त्याच्या कोपऱ्यांवर कामकऱ्यांचे लिलाव होऊं लागले. ज्याची बोली अधिक त्याच्या गिरणींत माणूस जाई. गटारासाठीं जो पैसा पूर्वीं निघाला नव्हता तो आतां व्याजासह निघत होता. लोखंडे या काळांत प्लेगच्या रोग्यांच्या सेवेंत होते आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला.

दुसऱ्या वर्षीं, १८९८ सालीं, मुंबई सुधारण्यासाठीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. तहान लागल्यावर विहीर खणण्यास आरंभ झाला, असें म्हणावें लागेल.

विहीर आधीं खणणारे लोकही होते. स्कॉटलंडांत रॉबर्ट ओएन यानें एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभींच न्यू लॅनार्कच्या गिरणींत कामकऱ्यांचीं घरें, मुलांची शाळा आणि गांवची स्वच्छता हीं धंद्याचींच अंगें मानलीं आणि गिरणी नफ्यांत चालवून दाखविली. आपल्याकडे जमशेटजी टाटांनीं १९०२ सालीं आपल्या मुलाला पत्र लिहून भावी पोलादी नगराचे रस्ते रुंद असावेत, त्यांवर लवकर वाढणारीं सावलीचीं झाडें लावावींत, हिरवळीला आणि बागांना भरपूर जागा ठेवावी, असें कळविलें. तेव्हां तो कारखाना कोठें निघणार याचासुद्धां पत्ता नव्हता. टाटांच्या पाठीशीं मोठी दौलत होती, त्यांना हें सुचणें शक्य होतें, असें कोणी म्हणेल. म्हणून ज्याच्यापाशीं दौलत नव्हती अशा माणसाची हकीकत आतां सांगतों. ती सांगण्यांत मला विशेष गोडी आहे, कारण तो माणूस कांहीं काळ मास्तर होता.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकार होण्याच्या हौसेनें ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें गेले. तेथें त्यांच्या डोळ्यांना कांहीं रंग ओळखतां येत नाहींत असें निष्पन्न झालें. रंग सुटले, रेघ राहिली. यंत्रांचें रेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. तेथें हक्काची बढती दुसऱ्याला गेली तेव्हां नोकरी सोडून ते बेळगांवास आले आणि सायकली विकूं व शिकवूं लागले. पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें निघालीं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर निघाला. हा नांगर विकण्यास फार कष्ट पडले, कारण लोखंड लागलें कीं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती समजूत चुकीची होती. तथापि जमिनीच्या नासण्याची धास्ती ज्याला वाटते अशा गिऱ्हाइकाला मी तरी हंसणार नाहीं.

बेळगांवची कारखान्याची जागा नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठीं हवी झाली आणि किर्लोस्करांना उठावें लागलें. त्या वेळीं औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि मदतीला आले. लक्ष्मणरावांनीं औंधास सभामंडपाचें काम केलेलें असल्यामुळें त्यांची पारख महाराजांना होती. कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचें कर्ज मिळालें. १० मार्च १९१० रोजीं लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. माळ खडकाळ, निवडुंग माजलेला, त्यांत साप. पाण्याची बोंब. फाल्गुनाचें ऊन. बेळगांवासारख्या थंड, हिरव्या गांवाहून आलेल्या कामकऱ्यांच्या बायकांना प्रथमदर्शनीं काय वाटलें असेल याची कल्पना आमच्याकडच्या माणसाला सांगावी लागत नाहीं.

आतां येथें हिशेबाची बाजू पाहा. नांगराचा फाळ ओतीव लोखंडाचा. तो ओतण्यासाठीं वाळूचा सांचा भरावा लागतो, आणि सांचा भरणारा मोल्डर वर्षा-दोन वर्षांत तयार होत नाहीं. वाळूंत ओल किती असावी, रस केव्हां ओतावा, हें त्याच्या बोटांना कळावें लागतें. असा माणूस भट्टीपाशीं दिवसभर भाजून घरीं गेला आणि घरींही पत्र्याखालीं भाजूं लागला, मूल तापानें फणफणलें, पाण्याची घागर मैलावरून आणावी लागली, तर तो किती दिवस टिकेल? त्याला बेळगांव, पुणें, मुंबई मोकळीं आहेत. तो गेला तर त्याच्या बोटांतील विद्या त्याच्याबरोबर गेली, आणि ती पुन्हां विकत मिळत नाहीं. ज्या माळावर माणसें विपुल नव्हतीं, तेथें माणूस राखणें हा धर्माचा भाग नसून कारखान्याच्या पोटाचा प्रश्न होता. मुंबईच्या मालकांना जें दिसलें नाहीं तें येथें दिसलें, याला लक्ष्मणरावांचा स्वभाव कारण आहे, तसाच तो उजाड माळही कारण आहे.

म्हणून कारखाना आणि वसाहत एकदम वाढलीं. वसाहतीची आंखणी आणि रोजची व्यवस्था लक्ष्मणरावांचे बंधु रामूअण्णा यांनीं अंगावर घेतली. निवडुंग निघाला, घरें झालीं, झाडें लागलीं, बागा फुलल्या. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनीं पुढें आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला निवडुंग आणि गुलाब यांचें नांव दिलें तें उगाच नव्हे. वसाहतींत अस्पृश्यता पाळावयाची नाहीं हा दंडक होता. १९१० सालीं असा दंडक घालणें म्हणजे काय, हें पाणवठ्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्यालाच समजेल. माणसें निवडण्याची तऱ्हाही निराळी. शंभोराव जांभेकर यंत्रांकडे, मंगेशराव रेगे हिशेबाकडे, के. के. कुलकर्णी पडेल त्या कामाकडे. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले; तेच कल्पक यंत्रज्ञ झाले. शाळेनें हातचा घालविलेला मुलगा कारखान्यानें असा उचलला, हें वाचतांना शिक्षक म्हणून मला थोडें वरमल्यासारखें होतें. खुनाच्या आरोपाखालीं शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या हातीं रात्रीच्या पहाऱ्याची काठी दिली गेली आणि ती त्यांनीं इमानानें वागविली.

या राखलेल्या माणसांचा उपयोग संकटांत दिसून आला. १९१४ चें महायुद्ध सुरू झालें आणि विलायतेहून येणारें लोखंड, कोळसा, रंग सारें अडलें. अशा वेळीं नवशिक्या कामकऱ्यांचा कारखाना बंदच पडावयाचा. येथें मिळेल त्या मोडींतून आणि मिळेल त्या जळणावर नांगर ओतले गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं जुन्या तोफा दिल्या. त्याही भट्टींत गेल्या आणि त्यांचे नांगर झाले. १९२० सालीं मर्यादित जबाबदारीची कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षीं शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' काढली, जिनें पुढें महाराष्ट्राच्या घराघरांत प्रवेश केला. १९४८ सालीं, गांधीजींच्या वधानंतर उसळलेल्या दंगलींत हा कारखाना जाळला गेला. तो पुन्हां उभा राहिला. आज त्याला शंभरांवर वर्षें होऊन गेलीं आणि अजून त्याच जागीं तो चालू आहे.

निवृत्तीनंतर मिरजेस एका आप्ताकडे गेलों असतां मी मुद्दाम पुण्याकडील गाडींत बसून तेथें उतरलों. कुंडल रोड हें स्टेशनाचें नांव केव्हांच जाऊन किर्लोस्करवाडी झालें आहे. मी कांहीं कारखाना पाहण्यास गेलों नव्हतों; रस्त्याकडेच्या झाडाखालीं दोन घटका बसलों, पाळी सुटली तेव्हां माणसें सायकलींवरून सावलींतून घरीं जातांना पाहिलीं, आणि परत फिरलों.

या चित्राला एक दुसरी बाजू आहे, ती लपवून ठेवणें बरें नव्हे. घर मालकाचें, शाळा मालकाची, झाडही मालकाचें, अशा वसाहतींत कामकऱ्याचें मालकाशीं वाजलें तर त्याची नोकरी आणि छप्पर एकाच दिवशीं जातें. सावली देणारा हात काढूनही घेऊं शकतो. म्हणूनच लोखंड्यांच्या पाठीशीं किर्लोस्कर वाचावेत आणि किर्लोस्करांच्या पाठीशीं लोखंडे वाचावेत, असें मी मुलांना सांगत असें. हक्कावांचून मिळालेली सावली पाहुण्याची असते.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. १९२६ पासून किर्लोस्करवाडीस पाण्याचे पंप होऊं लागले. मोटेखालीं राबणारा बैल आणि त्याच्यामागें मागें-पुढें चालून पाय झिजविणारा गडी या दोघांनाही त्या पंपानें मोकळें केलें. हा उपकार लहान नाहीं. परंतु मोटेला एक गुण होता; ती दमत असे. ती दमली कीं विहिरीला झिरपा भरून घेण्यास वेळ मिळे. पंप दमत नाहीं. आमच्या मराठवाड्याचा काळा पाषाण पाणी थोडें धरतो आणि सावकाश सोडतो. त्यांतून पंपानें, पुढें बोअरच्या मोटारीनें, उसासाठीं अहोरात्र पाणी उपसलें गेलें, आणि सातआठशें फुटांवर धूळ निघूं लागली. यांत पंप घडविणाऱ्याचा दोष नाहीं. वापरणाऱ्यांत आम्ही सारेच आलों. इतकेंच कीं, एका माळावर ज्यांनीं सावली केली त्यांच्याच हातचें यंत्र दुसऱ्या माळाची ओल संपविण्यास कामीं आलें. इतिहासांत असे हिशेब एका पानावर जुळत नाहींत.

मुंबईजवळच विक्रोळीस गोदरेज यांनीं १९४३ सालीं घेतलेल्या विस्तीर्ण जमिनीवर कारखाने आणि कामकऱ्यांची वसाहत उभारली आणि खाडीकडचें तिवरांचें बन तसेंच राखलें, हेंही एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या शहरांत तें बन अजून उभें आहे. पण मला परत माझ्या मुलखाकडे वळलें पाहिजे.

आमच्याकडे मोठा कारखाना एकच, तो म्हणजे शेती. १९७२ सालीं तो बंद पडला. मी तेव्हां दहा-अकरा वर्षांचा होतों. आई खडी फोडण्याच्या कामावर जाई आणि मी धाकट्या बहिणीला घेऊन तिच्याबरोबर बसें. जेवणाला सुकडी आणि अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्या माळावर एकही झाड नव्हतें. तीन काठ्यांवर जुनें लुगडें टाकून आईनें बहिणीपुरती सावली केली होती. सूर्य सरके तसें मी तें लुगडें सरकवीत असें. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लक्ष माणसें होतीं. इतक्या माणसांना उपाशी मरूं दिलें नाहीं, हें त्या राज्यव्यवस्थेचें मोठें यश आहे. पण फोडलेली खडी पुष्कळ ठिकाणीं ढिगाऱ्यांतच पडून राहिली. पुढें पुढें पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती अशीं कामें वाढलीं, तेव्हां मजुरीबरोबर जमिनीलाही कांहीं मिळालें.

ही कल्पना मूळ कोठली? विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांत तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें तिचा प्रयोग सुरू केला. किर्लोस्करवाडीचाच तो परिसर. ज्याला काम हवें त्याला सरकारनें काम द्यावें, आणि तें काम जमिनीची व पाण्याची शक्ति वाढविणारें असावें. १९७७ सालीं महाराष्ट्रानें त्याचा कायदा केला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अंमलांत आला, आणि २००५ सालीं साऱ्या देशासाठीं तशाच धर्तीचा कायदा झाला. आपण शहरांत नोकरी करीत असाल तर आपल्या पगारांतून जो व्यवसायकर कापला जातो, त्याचा उगम या योजनेच्या खर्चांत आहे. या कायद्यांत आणखी एक कलम आलें, त्याचा मला व्यक्तिशः आनंद वाटतो. कामाच्या जागीं पिण्याचें पाणी, प्रथमोपचार, मुलांसाठीं पाळणाघर आणि विसांव्यासाठीं सावली पुरविली पाहिजे. आईच्या लुगड्याला कायद्यांत जागा मिळाली. प्रत्यक्षांत सावली कितीदां मिळाली हा निराळा प्रश्न आहे. मी शिक्षक म्हणून ज्या गांवांत फिरलों तेथें ती फार क्वचित् पाहिली.

आणि याच मुलखांतून माणसें बाहेर जात राहिलीं. दसरा-दिवाळी झाली कीं बीड, लातूर, नांदेड, परभणीकडच्या टोळ्या ऊसतोडीसाठीं सांगली, कोल्हापूर, पुणें आणि कर्नाटकाकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाहीं. एक दिवस काम चुकलें तर खाडा, आणि खाड्याची कापणी. राहण्यास पाचटाची नाहींतर ताडपत्रीची कोपी. बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं झालेल्या सरकारी पाहणींत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची नोंद झाली. त्यांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. खाडा पडूं नये ही त्यामागील धास्ती पुष्कळींनीं बोलून दाखविली. हें वाचल्यावर मला १८९६ ची मुंबई आठवली. तोडणीमजूर हा मुकादमाचा आणि वाहतूक ठेकेदाराचा माणूस, आमचा नव्हे, असें साखरकारखाने वर्षानुवर्षें म्हणत आले. गिरणीमालकही फाटकाकडे बोट दाखवून तेंच म्हणत. अलीकडे टोळ्या पुरत नाहींत, उचल घेऊन माणूस येत नाहीं, अशी कारखान्यांची ओरड ऐकूं येते; तोडणीचीं यंत्रें आणलीं जात आहेत. तरुण पोरें पुण्याच्या बांधकामावर जाणें पत्करतात. माणूस विपुल असल्याचे दिवस तेथेंही सरत आले आहेत.

कांहीं ठिकाणीं साखरशाळा निघाल्या, गांवीं मागें राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं. त्यांनीं पुष्कळ मुलें वांचविलीं हें मीं पाहिलें आहे. तरी माझ्या हजेरीपटाचा कार्तिक महिना मला आठवतो. पहिल्या आठवड्यांत तीन नांवांपुढें गैरहजर, दुसऱ्यांत सात, मग मीं खुणेसाठीं पेन्सिलीनें रेघ मारून ठेवीत असें, कारण शाईनें मारलेली रेघ खोडतां येत नाहीं. अक्षयतृतीयेच्या सुमारास त्यांतील कांहीं मुलें परत येत. उन्हानें रापलेलीं, उंचीनें वाढलेलीं, पाढे विसरलेलीं. एका वर्षीं असा परत आलेला चौथींतील मुलगा दाराशीं घुटमळत उभा होता. मीं त्याला जवळ बोलावून विचारलें, "काय रे, तिकडे काय काय पाहिलेंस?"

तो थोडा विचार करून म्हणाला, "गुरुजी, तिकडं कारखान्याच्या हापिसापशी लई झाडं हाईत. आमची कोपी उन्हात व्हती."

मीं पेन्सिलीची रेघ खोडली आणि त्याचें नांव पटावर पुन्हां चढविलें.